खानदेशातील शिळा आणि त्यांच्या लोककथा

खानदेशातील शिळा आणि त्यांच्या लोककथा या विषयात जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील, तसेच त्यांच्या सीमेलगतच्या भागातील अशा दगडांचा समावेश होतो, जे आकार, रंग, ठिकाण, घडण किंवा उत्पत्ती यांमुळे आसपासच्या खडकाहून वेगळे दिसतात आणि ज्यांच्याशी एखादी कथा, विधी किंवा श्रद्धा जोडली गेली आहे. जळगाव जिल्ह्यातील भडगाव, चाळीसगाव, पाचोरा व एरंडोल या तालुक्यांचा गिरणा खोऱ्यातील प्रदेश या दृष्टीने विशेष समृद्ध आहे.

खानदेशातील खडक बहुतांशी एकाच जातीचा, म्हणजे काळा बेसाल्ट आहे. मैलोन्‌मैल सारखाच दगड असल्यामुळे त्यातील थोडासाही वेगळेपणा नजरेत भरतो. लोककथा आणि भूविज्ञान ही दोन्ही या वेगळेपणाचीच दखल घेतात. त्यांचे प्रश्न मात्र भिन्न असतात. दगड कसा झाला हे भूविज्ञान विचारते, तर तो येथेच का आहे आणि कोणाचा आहे हे लोककथा सांगते. दगड, त्याची जागा आणि त्याची कथा या तिन्ही गोष्टी एकत्र असतात तोवरच त्यांचा अर्थ लावता येतो. खाणकाम, रस्तारुंदीकरण व मंदिरांचे नूतनीकरण यांमुळे हा संबंध अनेक ठिकाणी तुटत आहे.

== प्रदेश ==

जुना खानदेश हा आजच्या तीन जिल्ह्यांपेक्षा मोठा होता. बागलाण, मालेगाव व नांदगाव हे भाग १८६९ मध्ये नाशिक जिल्ह्याला जोडले गेले. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पूर्व खानदेश म्हणजे आजचा जळगाव आणि पश्चिम खानदेश म्हणजे धुळे. धुळे जिल्ह्यातून १९९८ मध्ये नंदुरबार वेगळा झाला. प्रशासकीय सीमा बदलल्या तरी यात्रा, कुलदैवते आणि कथा जुन्याच वाटांनी चालत राहिल्या. म्हणून या लेखात नाशिक जिल्ह्यातील सप्तशृंगी व मांगी-तुंगी यांचाही विचार केला आहे.

उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याची रांग, पश्चिमेस सह्याद्री आणि मधून वाहणारी तापी अशी या प्रदेशाची ठेवण आहे. गिरणा नाशिक जिल्ह्यात सह्याद्रीत उगम पावते व भडगावजवळून वाहत पुढे तापीला मिळते. तापीच्या काठी गाळाची जाडी मोठी आहे. तेथे मोठा दगड सहसा जमिनीत सापडत नाही. तो कोणीतरी आणलेला असतो. दक्षिणेकडे अजिंठ्याच्या पायथ्याशी मात्र खडक जागोजागी उघडा पडलेला दिसतो.

== खडक आणि त्याचे प्रकार ==

दख्खनचा बेसाल्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून बाहेर पडलेल्या लाव्हारसाचा बनलेला आहे. लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट व एकसंध, तर वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र झाला. पुढे या छिद्रांत पाण्याबरोबर आलेली खनिजे साचली. विहिरी खोदणारे लोक अशा ठिसूळ, पांढऱ्या ठिपक्यांच्या खडकाला मांजऱ्या म्हणतात. दोन थरांच्या मध्ये कधी कधी विटकरी-तांबड्या मातीचा पट्टा आढळतो. एका थरावर दुसरा थर येईपर्यंत जो काळ गेला, त्याची ती खूण असते. घट्ट काळ्या दगडावर घण मारला असता तो खणखणतो, तर भेग असलेला दगड बद्द वाजतो. पाथरवट व वडार कारागीर दगडाची प्रत आवाजावरूनही ओळखतात.

छिद्रांत वाढलेली झिओलाइट वर्गाची खनिजे हा जळगाव परिसराचा जगभर ज्ञात असलेला विशेष आहे. येथील खाणींतून मिळालेले अपोफिलाइट व स्टिल्बाइटचे स्फटिक देशोदेशींच्या संग्रहालयांत जळगावच्या नावाने मांडलेले दिसतात. अशा खनिजांचा मोठा संग्रह नाशिक जिल्ह्यातील सिन्नर येथील गारगोटी संग्रहालयात आहे. गावकऱ्याच्या दृष्टीने मात्र चमकणारा प्रत्येक कठीण दगड ही 'गार' किंवा 'गारगोटी'. पोलादाच्या तुकड्यावर गारगोटी आपटून कापसावर ठिणगी पाडण्याची चकमकीची पद्धत काडेपेटी येण्यापूर्वी घरोघरी परिचित होती.

=== नंदुरबार-धुळे भागातील भित्ती ===

धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत शेतजमिनीतून सरळ रेषेत गेलेल्या अरुंद, लांबट टेकड्या दिसतात. दुरून त्या एखाद्या पडक्या तटबंदीसारख्या भासतात. या टेकड्या म्हणजे भित्ती किंवा डाइक होत. जुन्या लाव्हाथरांना उभी भेग पडून तिच्यात शिरलेला शिलारस आतच थंड झाला. भोवतीचा खडक झिजून गेला आणि भेगेतील कठीण खडक भिंतीसारखा उभा राहिला.

या भित्तींचा सविस्तर अभ्यास २००७ मध्ये 'बुलेटिन ऑफ व्होल्कॅनॉलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सुमारे १४,५०० चौरस किलोमीटर क्षेत्रात एक किलोमीटरहून लांब अशा २१० भित्ती त्यात नोंदवल्या आहेत. सर्वांत लांब भित्ती ७९ किलोमीटरची असून जाडी ३ ते ६२ मीटर अशी आढळली. बहुतेक सर्व भित्ती उभ्या आहेत व त्यांची दिशा जवळजवळ पूर्व-पश्चिम आहे. त्या तयार होताना या भागातील कवच उत्तर-दक्षिण दिशेने ताणले जात होते, असा निष्कर्ष त्यावरून काढण्यात आला. यांतील मोठ्या भित्तींनी प्रचंड लाव्हाप्रवाहांना रस पुरवला असावा, असेही अभ्यासकांचे मत आहे. ही भिंत कोणी बांधलेली नसली, तरी ती मांडणारी शक्ती एका दिशेने काम करीत होती हे खरे. पाहणाऱ्याला ती हेतुपुरस्सर बांधल्यासारखी वाटते त्याचे कारण हेच.

== गिरणा खोऱ्यातील प्राचीन दगड ==

चाळीसगावच्या नैर्ऋत्येस अजिंठा रांगेच्या पायथ्याशी पाटणे किंवा पाटण हे गाव आहे. येथे शं. अ. साळी यांनी १९७२-७३ मध्ये केलेल्या उत्खननात अश्मयुगीन वस्तीचे एकावर एक थर सापडले. तेथील माणसांनी हत्यारांसाठी जास्पर, कॅल्सेडोनी यांसारखे दगड वापरले होते, म्हणजे बेसाल्टच्या पोकळ्यांत तयार होणारे आणि नदीच्या गोट्यांत मिळणारे रंगीत, घट्ट दगड. काळा बेसाल्ट सगळीकडे उपलब्ध असताना तुलनेने दुर्मीळ दगड शोधून, निवडून आणला जात होता. याच ठिकाणी शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा रेघांची नक्षी कोरलेला तुकडा मिळाला. तो सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा मानला जातो व भारतातील कलेच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत त्याची गणना होते.

वेगळा दगड ओळखणे आणि उचलून आणणे ही क्रिया अशी या खोऱ्यात लेखनाच्या कितीतरी आधीची आहे. त्यावरून आजच्या दगडपूजेचा धागा थेट अश्मयुगापर्यंत नेणे मात्र धाडसाचे ठरेल. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' (१९६२) या ग्रंथात पुणे परिसरातील ग्रामदेवतांच्या तांदळ्यांजवळ अश्मयुगीन सूक्ष्म हत्यारे सापडल्याचे नोंदवून, या देवतांची ठाणी प्राचीन भटक्या वाटांवर वसली असावीत असे मत मांडले. खानदेशाच्या बाबतीत ही कल्पना तपासून पाहण्याजोगी आहे. कारण येथे अश्मयुगीन स्थळे आणि ग्रामदेवतांची ठाणी दोन्ही विपुल आहेत.

गिरणेच्या काठी भडगावच्या वरच्या अंगास, चाळीसगाव तालुक्यात बहाळ हे गाव आहे. येथील पांढरीच्या टेकाडाचे उत्खनन भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९५० च्या दशकात केले आणि ताम्रपाषाण काळापासूनची वस्ती उजेडात आली. नदीपलीकडील टेकवाडे येथे त्याच काळातील दफने आढळली. बहाळचे दुसरे महत्त्व एका कोरीव शिळेमुळे आहे. यादव राजा सिंघण याच्या काळातील शके ११४४ (इ.स. १२२२) चा तेथील शिलालेख राजज्योतिषी अनंतदेव याने देवीचे मंदिर बांधल्याचे सांगतो. अनंतदेव हा गणिती भास्कराचार्यांच्या घराण्यातील होता.

पाटण येथील शिलालेख त्याहून थोडा जुना, शके ११२८ चा आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला व निकुंभ घराण्यातील सोन्हदेव याने त्यास देणगी दिली, असा त्याचा आशय आहे. लेखाचा शेवटचा भाग मराठीत असून त्यात मठाला द्यावयाच्या वस्तूंचा तपशील येतो. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये या लेखाकडे विद्वानांचे लक्ष वेधले. अक्षरे न वाचता येणाऱ्या शेजाऱ्यांच्या दृष्टीने शतकानुशतके हा कोरलेल्या रेघांचा एक दगड होता. तो फोडला गेला नाही, म्हणूनच या मठाची माहिती आज उपलब्ध आहे. महाराष्ट्रात अन्यत्र असे अनेक लेख पायऱ्यांना, धुण्याच्या दगडांना व घरांच्या पायाला लागलेले सापडतात.

== एरंडोल व पद्मालय: भीमाच्या खुणा ==

भडगावच्या उत्तरेस असलेले एरंडोल हे महाभारतातील एकचक्रा नगरी होय, अशी स्थानिक परंपरा आहे. आदिपर्वातील बकवध उपाख्यानानुसार लाक्षागृहातून सुटलेले पांडव एकचक्रेत एका ब्राह्मणाच्या घरी राहिले. गावकऱ्यांकडून गाडाभर अन्न व एक माणूस घेणाऱ्या बकासुराचा भीमाने तेथे वध केला. एरंडोलमधील एक जुनी वास्तू पांडववाडा या नावाने ओळखली जाते.

एरंडोलजवळच डोंगरावर पद्मालय हे गणपतीचे प्रसिद्ध क्षेत्र आहे. कमळांच्या तळ्यावरून त्याला हे नाव पडले. येथील गाभाऱ्यात एक उजव्या व एक डाव्या सोंडेचा असे दोन गणपती असून, कार्तवीर्य आणि शेष यांच्या तपश्चर्येशी त्यांची कथा जोडलेली आहे. क्षेत्राला प्रवाळक्षेत्र असेही म्हणतात व परंपरा मूर्ती प्रवाळाच्या असल्याचे मानते. प्रवाळ हा समुद्रातील पदार्थ. काळ्या बेसाल्टच्या डोंगरात तो पूजिला जावा, यात खडकाच्या वेगळेपणाला दिलेला मान स्पष्ट दिसतो. मंदिराच्या आवारात भव्य दगडी जाते असून सुमारे ४४० किलोग्रॅम वजनाची घंटाही आहे.

मंदिरापासून काही अंतरावर जंगलात भीमकुंड आहे. एका प्रचलित कथेनुसार बकासुराशी झालेल्या युद्धानंतर तहानलेल्या भीमाने कोपराने जमिनीवर प्रहार केला व तेथे पाणी लागले. कोपर, गुडघा, पाऊल किंवा गदा यांच्या आघाताने खडकात खळगा पडणे हा भीमकथांचा महाराष्ट्रभर आढळणारा विशेष आहे. ओढ्यानदीच्या पात्रात बेसाल्टला असे खळगे साधारणपणे भोवऱ्यात फिरणाऱ्या गोट्यांमुळे पडतात. कुकडी नदीवरील निघोजचे रांजणखळगे हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण होय. उन्हाळ्यात भोवतालचे पात्र कोरडे पडल्यावरही खोल खळग्यात पाणी टिकते. उष्ण व कमी पावसाच्या प्रदेशात ही गोष्ट जीवनावश्यक असल्याने, कथा अशा ठिकाणाचा पत्ता पुढच्या पिढीला सांगण्याचे कामही करीत असली पाहिजे.

एकचक्रा असल्याचा दावा करणारे एरंडोल हे एकमेव गाव नाही. उत्तर प्रदेशातील इटावा जिल्हा, बिहारमधील आरा आणि पश्चिम बंगालमधील बीरभूम येथेही तशाच परंपरा आहेत. महाभारतात नगरीचे स्थान ठरवता येईल इतका भौगोलिक तपशील नाही. त्यामुळे हा दावा ऐतिहासिक पुरावा म्हणून न घेता, स्थानिक लोकांनी आपला भूभाग महाकाव्यात वाचल्याची साक्ष म्हणून घेणे उचित ठरते. त्या अर्थाने तो खराच आहे.

== डोंगर, नेढी आणि उष्ण झरे ==

गिरणेच्या वरच्या खोऱ्यात, कळवण तालुक्यातील सप्तशृंग गडावरील देवी ही खानदेशातील असंख्य घराण्यांची कुलस्वामिनी आहे. चैत्रात खानदेशातून हजारो भाविक पायी गडावर जातात. देवीची अठरा हातांची मूर्ती कड्याच्या खडकातच आहे. तिची मान किंचित कललेली आहे, कारण समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी करीत असलेले स्तवन ती ऐकत आहे, असे सांगतात. या परिसरातील एका डोंगराला आरपार भोक, म्हणजे नेढे पडलेले दिसते. पळणाऱ्या महिषासुरावर देवीने केलेल्या प्रहाराची ती खूण मानतात. सह्याद्रीत अशी नेढी मऊ थर झिजून गेल्याने आणि कठीण थर कमानीसारखा टिकून राहिल्याने तयार होतात.

बागलाणातील मांगी व तुंगी हे जुळे सुळके जैन परंपरेत सिद्धक्षेत्र मानले जातात. राम आणि इतर अनेक मुनी येथून मोक्षास गेले, अशी श्रद्धा आहे. श्रीकृष्णाच्या अंत्यसंस्कारांनंतर बलभद्राने येथे तप केल्याची कथाही सांगितली जाते. एकाच जोडसुळक्याला रामकथा आणि कृष्णकथा या दोहोंचे शेवट लाभले आहेत. २०१६ मध्ये येथील डोंगराच्या खडकात ऋषभदेवांची १०८ फुटी मूर्ती पूर्ण झाली.

नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ येथे नाथपंथीयांचा वास जुना आहे. मच्छिंद्रनाथांची गुंफा तेथे दाखवतात. जवळच्या खोल, कड्यांनी वेढलेल्या दरीला सीताखाई असे नाव आहे.

चोपडा तालुक्यातील उनपदेव हे गरम पाण्याच्या झऱ्याचे ठिकाण सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. शरभंग ऋषींसाठी रामाने बाण मारून हे पाणी काढले, अशी कथा असून त्वचारोगावर ते गुणकारी मानले जाते. सातपुड्याचा पायथा आणि तापीचे खोरे यांच्या सीमेवर भूकवचातील मोठे प्रस्तरभंग आहेत. खोलवर तापलेले पाणी त्यांतून वर येते. या कथेत पाणी जमिनीला पडलेल्या चिरेतून येते आणि भूविज्ञानाच्या स्पष्टीकरणातही तसेच. चीर कोणी पाडली एवढाच मतभेद.

सुळक्यांचे वऱ्हाड झाल्याची कथा महाराष्ट्रात फार आढळते. ठाणे जिल्ह्यातील माहुली किल्ल्याचे सुळके नवरा, नवरी, भटोबा अशा नावांनी ओळखले जातात. इंग्लंडमध्ये स्टँटन ड्रू येथील दगडांची वर्तुळे म्हणजे शिळा झालेले वऱ्हाड, अशीच कथा आहे. उत्तर आयर्लंडमधील जायंट्स कॉजवे हे बेसाल्टच्या षट्कोनी स्तंभांचे स्थळ राक्षसाने बांधलेला रस्ता मानले गेले. या कथा एकमेकींपासून घेतलेल्या असण्याचे कारण नाही. थंड होताना लाव्हा आक्रसून त्याला नियमित भेगा पडतात, आणि नियमितपणा दिसला की माणूस कर्ता शोधतो.

== शिवेवरचे आणि पारावरचे दगड ==

प्रसिद्ध क्षेत्रांपेक्षा गावोगावच्या अनामिक दगडांची संख्या कितीतरी मोठी आहे. शेंदूर लावलेला, हात-पाय वा चेहरा नसलेला दगड म्हणजे तांदळा. म्हसोबा, वेताळ, मरीमाता, भैरोबा अशी दैवते पुष्कळदा याच रूपात असतात. पिंपळाखाली मुंजोबा असतो. विहीर, डोह किंवा बंधाऱ्याच्या काठी ओळीने मांडलेले सात दगड म्हणजे साती आसरा. म्हसोबा बहुधा बांधावर वा शिवेवर असतो. तो शेताची राखण करतो आणि त्याच्या जागेवरून बांधही ठरतो. बांध कोरणाऱ्याला मोजणीच्या दगडाइतकाच या दगडाचा धाक वाटत आला आहे.

कोरीव दगडांत वीरगळ व सतीशिळा येतात. वीरगळावर साधारणतः तळाशी लढाई किंवा गुरे पळवण्याचा प्रसंग, मध्ये वीराला नेणाऱ्या अप्सरा आणि वर शिवलिंगाची पूजा असे टप्पे असतात. माथ्यावर चंद्रसूर्य कोरलेले असतात. सतीशिळेवर कोपरात वाकलेला, बांगड्यांनी भरलेला हात असतो. मूळ वीराचे नाव विसरले गेल्यावर हे दगड गावाचे रक्षक देव बनतात. हा बदल ऱ्हास समजू नये. नाव गेले तरी गावासाठी कोणी मेले होते, एवढी आठवण त्या शेंदरात टिकून राहते.

सातपुडा व पश्चिम धुळे-नंदुरबार भागातील आदिवासींमध्ये वाघदेव दगडाचा किंवा लाकडाचा असतो. त्यावर वाघाबरोबर सूर्य-चंद्र कोरलेले असतात. साक्री, नवापूर व बागलाण पट्ट्यात कोकणा, भिल्ल व मावची समाज मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव करतात. तेथे वेगळा दगड निवडलेला नसतो. सगळा डोंगर हाच देव. मैदानातील तांदळा आणि हा डोंगर यांत मोठे अंतर आहे, हे दगडपूजेविषयी सरसकट विधाने करताना विसरले जाते.

पाऊस लांबला की धोंडी काढण्याची चाल खानदेशातही आहे. कडुनिंबाच्या डहाळ्यांनी झाकलेल्या मुलाला घरोघर फिरवतात व बायका त्याच्यावर पाणी ओततात. महादेवाची पिंड पाण्यात बुडवून ठेवण्याची रीतही महाराष्ट्रात अनेक गावी आढळते.

घरातील दगडांत पाटा, वरवंटा, उखळ आणि जाते ही प्रमुख. जात्याला खानदेशात घरोट म्हणतात. जळगावजवळील असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांची घरोटावरील कविता प्रसिद्ध आहे. लग्नात जात्याची पूजा होते. झिजलेल्या जात्याला टाकी लावून देणारे कारागीर गावोगाव फिरत असत. सच्छिद्र दगड लवकर झिजतो व पिठात खर उतरते, म्हणून जात्यासाठी घट्ट, एकसारख्या कणांचा दगडच निवडला जाई. वर सांगितलेली आवाजाची परीक्षा येथे उपयोगी पडे.

== मानेगावची उल्का ==

खानदेशातील सर्वांत असाधारण दगड या भूमीत तयारच झालेला नाही. २९ जून १८४३ रोजी एदलाबाद, म्हणजे आजच्या मुक्ताईनगराजवळील मानेगाव येथे एक अशनी पडला. त्याचे थोडेच अवशेष उरले आहेत. ब्रिटिश म्युझियमच्या खनिज विभागाचे प्रमुख नेव्हिल स्टोरी-मास्केलाइन यांनी १८७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अशनींतील खनिजांच्या अभ्यासात त्याचा समावेश केला.

मानेगावचा अशनी डायोजेनाइट या दुर्मीळ वर्गातील आहे. या वर्गातील दगड मंगळ व गुरू यांच्या दरम्यान फिरणाऱ्या वेस्टा या लघुग्रहाच्या कवचातून सुटून आलेले असावेत, असे मानले जाते. डॉन या अंतराळयानाने २०११-१२ मध्ये वेस्टाची जवळून पाहणी केल्यावर या मताला बळकटी मिळाली. म्हणजे हा दगडही, खानदेशच्या काळ्या दगडाप्रमाणे, वितळलेल्या रसापासूनच झालेला. फक्त दुसऱ्या जगावर, आणि कितीतरी अब्ज वर्षे आधी.

आकाशातून पडलेला दगड जगात अनेक ठिकाणी पूज्य ठरला. १४९२ मध्ये फ्रान्समधील एन्सिसहाइम येथे पडलेला अशनी तेथील चर्चमध्ये ठेवण्यात आला. महाराष्ट्रात बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर अशनीच्या आघाताने झाले. तेथील कथा मात्र लवणासुराची आहे. दैत्यसूदन विष्णूने त्याच्या भुयारावरील झाकण उडवले व त्याचे विवर झाले, असे ती सांगते. वरून झालेला एकच प्रचंड आघात ही घटना या कथेने नेमकी पकडली, हा योगायोग असला तरी लक्षणीय आहे. आघात घडला तेव्हा तो पाहून स्मरणात ठेवणारे कोणी होते, असे मात्र त्यावरून म्हणता येत नाही.

== ऱ्हास व जतन ==

कायद्याच्या दृष्टीने या दगडांची स्थिती विषम आहे. शिलालेख, वीरगळ व मूर्ती शंभर वर्षांहून जुन्या असल्यास १९७२ च्या पुरावशेषविषयक कायद्याच्या कक्षेत येतात. घोषित स्मारकांना केंद्राच्या १९५८ च्या आणि राज्याच्या १९६० च्या कायद्याचे संरक्षण आहे. परंतु ज्यावर कोरीव काम नाही असा तांदळा, नाव असलेला सुळका, भीमाचा म्हणून दाखवला जाणारा खळगा किंवा भित्तीची टेकडी यांपैकी कशातही आपोआप बसत नाही. बांधकामाचा दगड हे गौण खनिज आहे. परवाना मिळाल्यास टेकडी खडी होऊन रस्त्यावर जाते. भित्तींचा खडक कठीण व एकसंध असल्यामुळे खडीसाठी त्याला मागणी असते. ज्या गुणामुळे त्या टेकड्या भोवतालच्या झिजेत टिकल्या, तोच गुण त्यांच्या नाशास कारण होतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकांत लोणारचा समावेश केला आहे.

पूजेतील दगडांचा प्रश्न वेगळा आहे. पारंपरिक शेंदूर तेलात खलून लावतात. वर्षानुवर्षांच्या लेपांनी मूळ आकार झाकला जातो, पण दगड हवापाण्यापासून वाचतोही. सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरील शेंदराचा जाड थर २०२२ मध्ये तज्ज्ञांच्या देखरेखीखाली काढण्यात आला, तेव्हा आतील मूळ रूप व अलंकार स्पष्ट दिसू लागले. लहान गावांत याउलट घडते: वीरगळ ऑइलपेंटने रंगवले जातात, नव्या मंदिराच्या चौथऱ्यात सिमेंटमध्ये बसवले जातात, किंवा संगमरवरी मूर्ती आल्यावर जुना तांदळा नदीत सोडला जातो. यात अनादर नसतो, बहुतेक वेळा भक्तीच असते. म्हणून केवळ बंदीचा फलक लावून हे थांबत नाही.

धुळे येथील राजवाडे संशोधन मंडळाने १९२७ पासून खानदेशातील मूर्ती, शिलालेख व कागदपत्रांचा मोठा संग्रह केला आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १८८० चा खानदेश खंड हा गावोगावच्या जुन्या वास्तू व स्थळांच्या नोंदींसाठी अद्याप उपयुक्त आहे. संग्रहालयात आणलेली शिळा सुरक्षित राहते. मात्र ती कोणत्या बांधावर, कोणत्या दिशेला तोंड करून उभी होती, याची नोंद सोबत आली नसेल तर तिचा अर्धा अर्थ मागेच राहतो.

कथांच्या नोंदीतही तशीच उणीव आहे. खानदेशातील दगडांच्या कथा अहिराणी, तावडी, लेवा गणबोली, भिली व पावरी या बोलींत सांगितल्या जातात, छापल्या जातात मात्र बहुधा प्रमाण मराठीत. त्या प्रक्रियेत घरोटाचे जाते होते आणि सांगणाऱ्याने खळग्यासाठी, नेढ्यासाठी किंवा भित्तीसाठी वापरलेला मूळ शब्द गळून पडतो.